दर्या मिटण्याचे दिवस: मुंबई बंदर, नारळी पौर्णिमा आणि 'रामदास'

१/ १७ जुलै १९४७, गुरुवार. स्वातंत्र्याला महिनाभरही उरला नव्हता. सकाळी आठच्या सुमारास मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून 'रामदास' नावाची आगबोट रेवसच्या दिशेने निघाली. अंतर थोडे, वाट रोजची. सुमारे अर्ध्या तासाने ती बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. आजचा धागा या अपघाताचा आहे. परंतु त्यामागे एक जुना प्रश्न उभा आहे. समुद्र कधी मिटतो आणि कधी उघडतो, हे ठरवायचे कोणी?

२/ प्रथम भूगोल पाहू. मुंबई बंदर म्हणजे पश्चिमेला मुंबईचे बेट आणि पूर्वेला उरण, रेवस, मांडवा यांचा किनारा, या दोहोंमध्ये विसावलेले विस्तीर्ण पाणी. उत्तरेकडून ठाण्याची आणि पनवेलची खाडी त्यास येऊन मिळते. आग्नेयेस धरमतरची खाडी आहे. वर्षाचे आठ महिने हे पाणी तळ्यासारखे शांत असते. पोर्तुगीज, सिद्दी, इंग्रज, मराठे या सर्वांना हे बंदर हवेसे वाटले, त्याचे एक कारण हेच.

३/ परंतु या बंदराचे तोंड नैऋत्येकडे उघडते आणि मोसमी वाराही नैऋत्येकडूनच येतो. जून ते ऑगस्ट या काळात अरबी समुद्रातील लाटा थेट बंदराच्या तोंडाशी येऊन धडकतात. त्यात मुंबईची भरती-ओहोटी मोठी. उधाणाच्या दिवसांत पाण्याच्या पातळीत चार-साडेचार मीटरचा फरक पडतो. ओहोटीचे पाणी वेगाने बाहेर जात असते, वारा त्यास उलट आत लोटत असतो. अशा वेळी लाट उंच होते, आखूड होते आणि फुटते. लहान नौकेस हेच सर्वाधिक घातक.

४/ अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, हे गणित कोळीवाड्यातील पोरासही ठाऊक असते. डोल जाळ्याची मासेमारी तर पाण्याच्या ओढीवरच चालते, त्यामुळे कामाचे दिवस तिथीवरून ठरतात. समुद्रावर जगणाऱ्या समाजाकडे अशी दोन घड्याळे असतात: चंद्राचे घड्याळ महिन्याचे दिवस सांगते आणि वाऱ्याचे घड्याळ वर्षाचे महिने.

५/ वाऱ्याचे हे घड्याळ फार जुने आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात इजिप्तहून भारताकडे येणाऱ्या जहाजांनी जुलैच्या सुमारास निघावे, असे सांगितले आहे. ती इकडे पोहोचेपर्यंत पावसाळ्याचा जोर ओसरलेला असे. भर पावसाळ्यात आपला किनारा गाठणे म्हणजे जहाज गमावणे, हे कल्याण आणि चौलशी व्यापार करणाऱ्यांना दोन हजार वर्षांपूर्वी पक्के ठाऊक होते.

६/ पोर्तुगिजांनी आपल्या पावसाळ्याला 'हिवाळा' म्हटले. वाचताना हसू येते, पण त्यामागे तर्क आहे. त्यांच्या देशी जहाजे नांगरून ठेवण्याचा, समुद्राकडे पाठ फिरवण्याचा ऋतू म्हणजे हिवाळा. इकडे ते काम पावसाळा करीत असे. मांडवीच्या मुखाशी पावसाळ्यात वाळूचा दांडा साचून गोव्याचे मुख्य बंदर मिटत असे आणि जहाजांना मुरगावचा आसरा घ्यावा लागे.

७/ आता इतिहासप्रेमींच्या आवडीच्या भागाकडे वळू: आरमार. पावसाळ्यात आरमाराची 'छावणी' होई. गुराबा, गलबते खाडीत आत आणायची, किनाऱ्यावर ओढायची, शाकारायची, डागडुजी करायची. या तीन-चार महिन्यांत जगातील सर्वात बलाढ्य आरमारही जमिनीवरच्या लाकडाच्या ढिगाऱ्याइतके असहाय असे. म्हणून छावणी कोठे करायची, हा राजकारणाचाही प्रश्न होता.

८/ जंजिऱ्याचा सिद्दी १६७० च्या दशकात आपले आरमार पावसाळ्यासाठी मुंबईत माझगावला आणीत असे. इंग्रजांना मोगलांची मर्जी राखायची होती. त्यामुळे ते त्यास नाही म्हणू शकत नव्हते आणि शिवाजी महाराजांचा रोषही ओढवून घेऊ इच्छित नव्हते. १६७८ च्या पावसाळ्यात दर्यासारंग आणि दौलतखान हे मराठा आरमाराचे सरदार पनवेलपर्यंत आले होते. माझगावला विसावलेली सिद्दीची जहाजे जाळावीत, हा बेत होता. तो तडीस गेला नाही. परंतु त्याची वेळ कशी निवडली होती ते पाहा.

९/ पुढच्याच वर्षी, १६७९ च्या ऑगस्टअखेर, महाराजांच्या आज्ञेने मायनाक भंडारी खांदेरी बेटावर उतरला आणि तटबंदीचे काम सुरू झाले. बेट अगदी मुंबई बंदराच्या तोंडाशी. वेळही नेमकी: पावसाळा सरत आलेला, पण मोठ्या जहाजांना समुद्र अजून पुरता खुला नाही. लहान मराठी होड्या उथळ पाण्यातून, किनाऱ्याच्या आडोशाने रसद पोहोचवू शकत होत्या. सप्टेंबर आणि ऑक्टोबरात इंग्रजांशी लढाया झाल्या, आणि १६८० च्या जानेवारीत इंग्रजांनी माघार घेतली. ऋतूच्या सांध्यावरचे ते चार-सहा आठवडे महाराजांनी शस्त्रासारखे वापरले.

१०/ हा अनुभव पुढे लेखी शास्त्रात आला. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या 'आज्ञापत्रा'त आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात छावणीविषयी बारकाईने सूचना आहेत. समुद्र खवळण्याच्या काही दिवस आधीच आरमार आत घ्यावे. दरसाल एकाच बंदरात छावणी करू नये. जागा सुरक्षित पाहावी. यातील 'आधीच' हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. खवळलेला समुद्र पाहून मग निर्णय घ्यायचा नाही. निर्णय शांत समुद्रावर घ्यायचा. सुरक्षिततेच्या आधुनिक शास्त्राचाही पहिला धडा हाच आहे.

११/ राज्यकर्त्यांनी जे आज्ञापत्रात लिहिले ते कोळी, खारवी, भंडारी, गाबीत या समाजांनी आचारात बांधले होते. मृगाच्या सुमारास होड्या किनाऱ्यावर ओढायच्या, झावळ्यांनी शाकारायच्या, जाळी विणायला घ्यायची. सुकवलेले बोंबील, जवळा, सोडे यांवर पावसाळा काढायचा. खाडीतील लहानसहान मासेमारी चालू राही. बंद होई तो खुला दर्या. याच काळात अनेक जातींची मासळी अंडी घालते, त्यामुळे विश्रांती माणसास मिळे तशी समुद्रासही मिळे.

१२/ आणि मग श्रावणातील नारळी पौर्णिमा. दर्याला नारळ अर्पण करायचा, होडीची पूजा करायची आणि नवा हंगाम सुरू करायचा. याकडे केवळ श्रद्धा म्हणून पाहिले तर निम्मा अर्थ निसटतो. एका होडीचा नाखवा उतावळा असेल, त्याच्या डोक्यावर कर्ज असेल, शेजारच्याच्या आधी बाजार गाठायचा मोह असेल. अशा वेळी 'पौर्णिमेआधी नाही' हे सर्व गावाचे बंधन त्याला आणि त्याच्या खलाशांना वाचवते. सण हा येथे सामुदायिक शिस्तीचा दिवस होता.

१३/ यात एक अडचणही आहे. पौर्णिमा चांद्र पंचांगाने ठरते, पाऊस सूर्याच्या गतीने. म्हणून नारळी पौर्णिमा कधी ऑगस्टच्या आरंभी येते, तर कधी अखेरीस. अधिक महिना आला की ती लांबते. १९४७ साली श्रावणच अधिक होता. त्यामुळे त्या वर्षी नारळी पौर्णिमा ऑगस्टच्या अगदी शेवटी आली. जाणते तांडेल म्हणूनच तिथीबरोबर पाण्याचा रंग, वाऱ्याची दिशा आणि क्षितिजावरचे ढगही पाहत. पौर्णिमा ही परवानगी होती. जायलाच हवे, अशी आज्ञा नव्हती.

१४/ एकोणिसाव्या शतकात वाफेची शक्ती आली आणि या घड्याळावरचा विश्वास हलला. शिडाला वारा लागतो, इंजिनाला लागत नाही. कोकण किनाऱ्यावर आगबोटी धावू लागल्या: हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले. गिरणगावातील चाकरमान्यांचे गावाशी असलेले नाते या बोटींनी जोडून ठेवले. सरकारनेही समुद्र सुरक्षित करण्यासाठी बांधकामे केली. खांदेरीचे दीपगृह १८६७ चे, कुलाब्यापुढील प्रॉंग्सचे दीपगृह १८७५ चे. १८७५ मध्येच भारतीय हवामान खात्याची स्थापना झाली आणि बंदरांवर इशाऱ्याचे बावटे चढू लागले.

१५/ तरीही खुल्या समुद्रावरील कोकण बोटी पावसाळ्यात बंदच असत. मे सरला की शेवटची बोट. मग घाटातून, गाडीरस्त्याने जे काही जमेल ते. म्हणजे वाफेच्या युगानेही जुने घड्याळ पुरते टाकून दिले नव्हते. अपवाद एकच होता: बंदराच्या आतील फेऱ्या. मुंबई ते रेवस, धरमतर ही वाट 'आतली' मानली गेली. ती पावसाळ्यातही चालू राही, कारण अलिबाग-पेण भागातील भाजीवाले, मासळीवाल्या, कामगार यांचे पोट तिच्यावर होते.

१६/ येथे आपण 'रामदास'पाशी परत येतो. बोट १९३६ साली इंग्लंडमध्ये बांधलेली, सुमारे १७९ फूट लांब. तिची मालक इंडियन को-ऑपरेटिव्ह कंपनी. ब्रिटिश भांडवलाच्या बोट कंपनीशी स्पर्धा करण्यासाठी देशी भागधारकांनी उभी केलेली ही कंपनी लोकांत 'माझी आगबोट कंपनी' म्हणून ओळखली जाई. बोटींना संतांची नावे. स्वदेशीच्या अभिमानाचा तो एक भाग होता, आणि म्हणून ही दुर्घटना कोकणाच्या मनाला अधिक खोल लागली.

१७/ त्या दिवशी आषाढ संपत आला होता, अमावास्या होती. अनेकजण गावी निघाले होते. अमावास्या म्हणजे उधाण, आषाढ म्हणजे पावसाळ्याचा भर. किनारा सोडल्यावर पाऊस आणि वारा वाढला. काश्याच्या खडकाजवळ बोटीला मोठ्या लाटांनी गाठले. बोट एका बाजूस कलली, घाबरलेले प्रवासी एकाच अंगाला धावले, आणि तोल सावरण्याची संधी उरली नाही. पावसापासून आडोसा म्हणून बांधलेल्या ताडपत्र्यांखाली अनेकजण अडकले, असे वाचलेल्यांनी सांगितले. काही मिनिटांत सारे संपले.

१८/ सर्वात विषण्ण करणारी गोष्ट पुढे आहे. बोटीवर बिनतारी संदेशयंत्रणा नव्हती. डोळ्यांच्या टप्प्यात असलेल्या महानगराला आपल्या अंगणात काय घडले याचा पत्ता कित्येक तास नव्हता. वाचलेली माणसे पोहत, वाहत किनाऱ्याला लागू लागली तेव्हा बातमी फुटली. तोपर्यंत अनेकांना वाचवले ते रेवसकडच्या कोळ्यांनी. मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या या होडीवाल्यांनी माल समुद्रात टाकून माणसे वर घेतली, ही आठवण त्या किनाऱ्यावर आजही सांगितली जाते.

१९/ दोष कोणाचा? तांडेलाचा, कंपनीचा, गर्दीचा, अपुऱ्या जीवरक्षक साधनांचा, असे अनेक दोष त्या काळी मांडले गेले आणि त्यांत तथ्यही आहे. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला त्याखालचा आणखी एक थर दिसतो. 'आत' आणि 'बाहेर' यांची सीमा नकाशावर आखलेली होती: खुला समुद्र धोक्याचा, बंदर सुरक्षित. पाण्याची सीमा मात्र ऋतूबरोबर सरकते. डिसेंबरात जे बंदर असते, ते आषाढी अमावास्येच्या उधाणात समुद्र होते. हे ज्ञान काठावरच्या माणसांकडे होते. वेळापत्रकात ते नव्हते.

२०/ अपघातानंतर चौकशी झाली. प्रवासी बोटींवर बिनतारी यंत्रणा सक्तीची झाली आणि पावसाळी प्रवासी वाहतुकीवर निर्बंध आले. आज गेटवे ते मांडवा ही प्रवासी वाहतूक पावसाळ्यात थांबते आणि साधारणपणे सप्टेंबरात पुन्हा सुरू होते. मासेमारीसाठी महाराष्ट्राने १९८१ मध्ये सागरी मासेमारी नियमन कायदा केला. त्याअन्वये लागू झालेली पावसाळी बंदी दीर्घकाळ १० जून ते १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत असे. म्हणजे शासनाच्या राजपत्रात कोळीवाड्याचा सण तारीख म्हणून बसला होता!

२१/ पुढे पश्चिम किनाऱ्यासाठी १ जून ते ३१ जुलै असा ६१ दिवसांचा बंदीकाळ ठरवण्यात आला. राज्याराज्यांत मेळ राहावा हा त्यामागील हेतू योग्यच आहे. परंतु १ ऑगस्टला समुद्र अनेकदा खवळलेलाच असतो. म्हणून बंदी १५ ऑगस्टपर्यंत किंवा नारळी पौर्णिमेपर्यंत असावी, अशी मागणी मच्छीमार संघटनांकडून वारंवार होते. बाहेरून पाहणाऱ्यास हे नवल वाटेल: मासे पकडून जगणारेच म्हणतात, आम्हांला आणखी थांबवा. वरचा इतिहास वाचल्यावर ते नवल राहत नाही. शेजारची यांत्रिक नौका गेली की आपल्यालाही जावे लागते. म्हणून बंधन सर्वांवर एकत्र हवे.

२२/ मात्र जुन्या घड्याळाला सर्वज्ञ मानण्याची चूक नको. या तारखा पाहा. ८ नोव्हेंबर १८८८: 'वैतरणा' आगबोट, जिला लोक 'वीजळी' म्हणत, मांडवीहून मुंबईकडे येताना सौराष्ट्राच्या किनाऱ्यानजीक वादळात नाहीशी झाली. ११ नोव्हेंबर १९२७: 'जयंती' आणि 'तुकाराम' या बोटी एकाच दिवशी बुडाल्या. ११ नोव्हेंबर २००९: 'फयान' चक्रीवादळ अलिबाग आणि मुंबईदरम्यान किनाऱ्यावर आले, कोकणातील कित्येक मच्छीमार परतले नाहीत. सर्व घटना नोव्हेंबरच्या, म्हणजे हंगाम खुला असतानाच्या.

२३/ मोसमी वाऱ्याची वेळ ठरलेली असते, चक्रीवादळाची नसते. परंपरेने पहिल्या धोक्यावर उत्तम उत्तर शोधले, कारण तो दरवर्षी येतो आणि पिढ्यान्‌पिढ्या शिकवतो. दुसरा धोका दशकातून एखाद्या वेळी येतो. त्यासाठी स्मृती अपुरी पडते. तेथे हवामान खात्याचा इशारा, बंदरावरील तीन नंबरचा बावटा, बिनतारी यंत्र आणि अंगावरील जीवरक्षक जाकीट यांनाच पर्याय नाही. 'फयान'च्या वेळी खोल समुद्रात असलेल्या अनेक नौकांपर्यंत इशारा वेळेवर पोहोचला नाही, हे दुःख 'रामदास'च्या दुःखाशी थेट नाते सांगते.

२४/ तिसऱ्या प्रकारचा धोका ऋतूशी संबंधच ठेवत नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी, शांत समुद्रात, गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान नौकेची धडक बसली आणि माणसे दगावली. त्यानंतर जीवरक्षक जाकिटांची सक्ती कडक झाली. म्हणजे दुर्घटनेनंतर नियम, हा क्रम आपल्याकडे १९४७ पासून फारसा बदललेला नाही. आज्ञापत्रातील 'आधीच' अजून आपल्या अंगवळणी पडायचे आहे.

२५/ मग समुद्र मिटतो केव्हा, हे ठरवायचे कोणी? माझे उत्तर असे: तारीख शासनाने ठरवावी, इशारा शास्त्राने द्यावा, पण दोहोंचा आराखडा करताना नाखव्याला आणि तांडेलाला खोलीबाहेर बसवू नये. १६७९ मध्ये ज्या ज्ञानाने खांदेरीवर रसद पोहोचवली आणि १९४७ मध्ये ज्या हातांनी बुडती माणसे वर ओढली, ते ज्ञान आणि ते हात त्याच किनाऱ्यावर आजही आहेत.

२६/ शेवटी एक विनंती. तुमच्या घरात कोकण बोटीने प्रवास केलेले आजी-आजोबा असतील, तर त्यांना शेवटच्या बोटीविषयी, पडावातून उतरण्याविषयी, पावसाळ्यातल्या बंद बंदराविषयी विचारा आणि उत्तर लिहून ठेवा. 'रामदास'च्या साक्षीदारांची पिढी जवळजवळ सरली आहे. तुमच्या गावच्या बंदरात होड्या कधी ओढतात आणि कधी लोटतात, त्यासाठी कोणते शब्द वापरतात, हे खाली अवश्य सांगा. पुढच्या धाग्यात खांदेरीच्या १६७९ मधील लढायांकडे सविस्तर जाऊ.